चेंदणी ते कल्याण : आमची आगबोट

ठाण्याच्या आमच्या आळीतल्या बायका अजून विचारतात, "अगं, कल्याण ते केवढं लांब, आणि तुला पोचायला तीन दिवस कसे लागले?" त्यांचंही खरं आहे. आगगाडीत बसलं की तोंडातलं पान रंगायच्या आत कल्याण येतं. पण आम्ही आगगाडीनं गेलो नाही. खाडीच्या पाण्यावरून गेलो, आणि माझ्या यजमानांनी स्वतःच्या हातांनी जिवंत केलेल्या आगबोटीतून गेलो. ह्या वाटेनं आमच्या आळीतलं दुसरं कोणी गेल्याचं मला ठाऊक नाही, म्हणून परत आल्यावर हे लिहायला बसले आहे.

आधी बोटीची हकीकत सांगते. आमचे हे मुंबईच्या एका कारखान्यात मिस्त्री होते. तिथं यंत्रात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. जखम भरली, पण आता ह्याच्या हातून बारीक काम होणार नाही असं वरच्यांनी ठरवलं. आम्ही ठाण्यास आलो. हे कुलपं, रहाट, गाड्यांची चाकं असं जे मिळेल ते दुरुस्त करत. चारचौघांत उजवा हात उपरण्याच्या आड ठेवत. ते मला फार लागे.

ठाण्याच्याच चेंदणी कोळीवाड्याच्या बंदरात एक जुनी आगबोट चिखलात पडली होती. लांबी वीस हात, मध्ये उभा बाष्पक, म्हणजे पाण्याची वाफ करणारी लोखंडी टाकी, आणि तिच्यामागे इंजिन. कल्याणच्या दामोदरशेट व्यापाऱ्यांनी ती कोणा साहेबाकडून हौसेनं घेतली, एक पावसाळा चालवली, आणि बिघडली तशी टाकून दिली. तिच्या धुराड्यात बगळ्यांनी काटक्या भरल्या होत्या. ती मोडीत निघणार असं कळताच हे उठून कल्याणला गेले आणि शेटना म्हणाले, "मला वेळ द्या, मी तिला चालवून दाखवतो."

शेटनी एकच अट घातली. "पुढल्या वर्षीचा पौष संपायच्या आत आपल्या वाफेवर कल्याणच्या बंदराला लागली, तर खाडीपलीकडं कोन गावच्या तरीवर, माणसं ने-आण करायला, तिलाही ठेवीन आणि तुम्हालाही. कोणाच्या दोरीनं ओढत आणलीत, तर तिथंच मोडून लोखंड काढीन."

दीड वर्ष हे त्या बोटीत होते. बाष्पकातल्या सडक्या नळ्या काढून नव्या बसवल्या. गंज खरवडून खरवडून ह्यांच्या डाव्या हाताला घट्टे पडले. चिंच आणि राख लावून पितळ मी घासलं. पुढं पुढं नुसतं घासून माझं मन भरेना. हे काय? ते कशाला? असं विचारू लागले, आणि हेही सांगू लागले. जुन्नरला माहेरी मी मराठी तिसरीपर्यंत शिकले होते. ही माझी चौथी म्हणायची.

चेंदणी

निघायच्या आदल्या संध्याकाळी, लाकडं घालायला ठरवलेल्या माणसाचा निरोप आला की आईनं शपथ घातली आहे, बाष्पक फुटतो म्हणतात, येणार नाही. हे डोकं धरून ओट्यावर बसले.

"मग मी येते," मी म्हणाले.

"तू?"

"आजवर जितक्या वेळा वाफ काढून पाहिलीत, तितक्या वेळा लाकडं कोणी घातली?"

 सकाळी गोड्या पाण्याची पिंपं भरताना हे मला म्हणाले, "लुगड्याचा काष्टा घट्ट मार. पदर मोकळा सोडू नकोस." तीच परवानगी.

वाट दाखवायला धर्मा तांडेल होते. चेंदणीचे म्हातारे कोळी, साठी उलटलेली, खाडीतला दगड न् दगड ओळखणारे. त्यांनी बोटीच्या नाळेवर नारळ फोडला, एक भकल पाण्यात टाकली आणि म्हणाले, "मिस्त्री, शिडाची होरी मला कलते. ही तुमची तुमी सांबाला. मी पानी सांगीन, तुमी आग सांगा."

खाडीवर धुकं होतं. पाणी चढू लागलं तसे आम्ही सुटलो. बोटीमागचा पाण्यातला पंखा फिरला, मागं फेस आला, आणि बंदरावर जमलेल्या मंडळींनी एकच ओरडा केला. माझ्या पायाखालची फळी थरथरत होती. 

पहिली फजिती लगेच पुढ्यात आली. आगगाडीच्या पुलाखाली धुराडं मावेना. ह्यांनी त्याला बिजागरी केलेली होती, म्हणून आडवं केलं. पण आत आग पेटलेली, त्यामुळं सगळा धूर आमच्याच तोंडावर. नेमकी तेव्हाच वरून गाडी धडधडत गेली. पुलापलीकडं निघालो तर तिघांचीही तोंडं काळी. धर्मा तांडेल माझ्याकडं बघून हसू लागले, मी त्यांच्याकडं बघून. किती महिन्यांनी ह्यांना खळखळून हसताना पाहिलं.

कोलशेत आणि काल्हेर

कोलशेतजवळ खाडी मोठ्या नदीला मिळते. एवढं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या जुन्नरकडं नदी म्हणजे खडक आणि मधून वाहणारी धार. इथं नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. मी धर्मा तांडेलांना विचारलं, "मग नदीचा उगम कुठला म्हणायचा?" ते म्हणाले, "जिथून येल तिथून येल. आपुन तिच्यासंगती जायाचं."

तिथं मला करपट वास आला. लाकडांचा नव्हे, तेल जळल्यासारखा. ह्यांना सांगितलं. हे वाकून पाहतात तो पंख्याकडं जाणारा लोखंडी दांडा ज्या खोबणीत फिरतो, ती हात लावू नये इतकी तापलेली. इंजिन बंद केलं, ओल्या चिंध्या टाकल्या. हे पुटपुटत एकेक शंका काढू लागले. दांडा वाकला असावा? तो सरळ होता. रेती शिरली असावी? नव्हती. शेवटी वरचं झाकण बोटानं चाचपलं आणि म्हणाले, "मीच जास्त आवळलंय. हलू नये म्हणून." पाव फेरा नट सैल केला. वंगण तिथं होतं नव्हतं ते सगळं जळून गेलं होतं, म्हणून मी केसांसाठी आणलेली खोबरेल तेलाची बाटली पुढं केली. ती सगळी त्या खोबणीनं प्याली. माझे केस तीन दिवस झाडूसारखे राहिले, पण तो दांडा पुढं कल्याणपर्यंत गार होता.

मुक्काम काल्हेरला, धर्मा तांडेलांच्या भाचीकडं. घर कुडाचं, पण अंगण असं सारवलेलं की तिथंच पान वाढावं. आमच्याकडं पाहुण्याला आधी गूळपाणी. इथं आधी पाय धुवायला ऊन पाणी दिलं आणि मग विचारलं, कुठून आलात. जेवायला तांदळाची पांढरी, पापुद्र्यासारखी भाकरी आणि तिखटजाळ कालवण. मी दोनदा मागून घेतलं. मग विचारलं, हा मासा कुठला? भाची म्हणाली, "निवटं." दुपारी चिखलावर डोळे वटारून उड्या मारणारे जे बेडकासारखे प्राणी बघून मी ओरडले होते, तेच! माझा घास क्षणभर थांबला. मग म्हटलं, पोटात गेले ते गेले, उरलेल्यांनी काय पाप केलंय? बाजरीच्या भाकरीची आठवण त्या रात्री आली नाही.

मोठागाव, डोंबिवलीचा किनारा

दुसऱ्या दिवशी आमची खरी परीक्षा झाली.

सकाळी बोट इतकी झकास चालली की हे शीळ घालू लागले. डावीकडं भातखाचरं, उजवीकडं दिव्याची शेतं आणि मागं डोंगर. मी लाकडं घालत होते आणि बाष्पकाच्या काचेच्या नळीवर नजर ठेवून होते. पंप पिंपातलं पाणी बाष्पकात ढकलत राहतो; आत पाणी किती आहे ते त्या नळीत दिसतं. पाणी उतरलं आणि आग तशीच राहिली, तर बाष्पक फुटतो; त्या माणसाची आई खोटं बोलत नव्हती.

डोंबिवलीच्या मोठागावचा किनारा दिसू लागला आणि नळीतलं पाणी उतरू लागलं.

"अहो, पंप पाणी घेत नाही."

ह्यांनी एकदा नळीकडं पाहिलं आणि ओरडले, "आग ओढ!"

मी आकड्यानं जळती लाकडं ओढून वाळूच्या पेटीत टाकली. वाफ गेली, इंजिन थांबलं. वाऱ्यानं बोट हळूहळू काठाकडं सरकत गेली आणि चिखलात रुतली. भरती संपत आली होती. धर्मा तांडेल बांबूनं तळ चाचपून म्हणाले, "वाईट झालं. उधान होऊन गेलं. उद्याचं पानी आजच्याइतकं चरनार नाय. इथं बसली ती बसली."

इतक्यात वाळूची एक मोठी शिडाची होडी कल्याणकडं निघालेली दिसली. तिच्या नाखव्यानं हाक दिली, "दोरी टाकू काय? पानी हाय तंवर निंगाल!"

धर्मा तांडेलांनी ह्यांच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. एक दोरी, आणि तासाभरात कल्याण. पुढच्या वळणावर दोरी सोडून दिली असती तर कळलं कोणाला असतं?

"नको," हे म्हणाले.

"मिस्त्री, इथं कोन बगतंय?" धर्मा तांडेल चिडलेच.

"नको म्हटलं ना, तांडेल. दोरीनं नेली तर ती चालते की नाही हे मलाच कळायचं नाही."

होडी निघून गेली. मला त्या वेळी ह्यांचा राग आला होता, हे कबूल करते.

मग शोध सुरू झाला. पाणी ओढणारी नळी तुंबली असेल म्हणून ती काढून फुंकली, साफ होती. दट्ट्याचं चामडं फाटलं असेल म्हणून ते काढलं, धड होतं. आता एकच जागा राहिली. पंपाच्या पोटात एक पितळी गोळी असते. ती उचलली की पाणी आत येतं, बसली की मागं जात नाही. ती नीट बसत नसली पाहिजे. पण तिथं जायला एक अरुंद भोक, आणि ह्यांचा हात त्यात जाईना. डावा रुंद, उजवा गेला तर उरलेल्या बोटांना पकड येईना. दोन-तीनदा घालून पाहिला, कातडं सोललं. मग ते तसेच बसून राहिले, हात मांडीखाली घेऊन.

"माझा जाईल," मी म्हणाले. आणि घातला. मनगटापाशी बांगड्या अडल्या.

हिरव्या काचेच्या, दोन्ही हातांत आठ-आठ. उजव्या हातातल्या काढल्याशिवाय हात जाणार नव्हता. नवरा समोर बसलेला असताना, अशा पाण्यावर, बांगड्या काढून हात मोकळा करायचा? माझ्या आईनं हे पाहिलं असतं तर ती तिथंच कोसळली असती. हेही म्हणाले, "राहू दे. काहीतरी दुसरं बघू." पण दुसरं काही नव्हतं.

जवळच्या मिठागरावरची माणसं एव्हाना बांधावर जमली होती. त्यांतली एक वयस्क बाई, हिरूबाय तिचं नाव, गुडघाभर चिखल तुडवत बोटीपाशी आली. डोक्यावर पाण्याचं मडकं. सगळं ऐकून घेऊन ती मला म्हणाली, "काय गो बाय, बांगऱ्यांसाठी आरलं का? कार आनि तुज्या घोवाच्याच हातान दे. त्याच्या हातान हायेत म्हंजे गेल्या कुठं?"

इतकं सोपं होतं ते. मी साबण लावून एकेक बांगडी उतरवली आणि ह्यांच्या उजव्या हातात दिली. तीन बोटांत आठही बांगड्या धरून हे उभे राहिले. सगळ्या गावासमोर तो हात त्यांनी कुठंच लपवला नाही.

मी हात आत घातला. आधी गार लोखंड, मग ती गोळी. लिंबाएवढी, गुळगुळीत. ती उचलली आणि खाली बोट फिरवलं. काहीतरी मऊ लागलं, ओल्या शेंडीसारखं. चिमटीत धरून ओढलं, सुटेना. पुन्हा ओढलं, आणि तागाचा बोटभर पुंजका बाहेर आला.

ह्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा माझाच ताग," म्हणाले. "सांध्यात मीच ठासला होता. नीट कापला नाही." मग बांगड्या एकेक करून माझ्या हातात परत चढवल्या, एकही वाढवू न देता.

बाष्पकासाठी गोडं पाणी मात्र संपलं होतं. खाडीचं पाणी आत घालून चालत नाही, मीठ धरतं. हिरूबायला सांगितलं तर ती हसली. "मीठ धरतंय म्हून तर आमी पोट भरतो." आणि बांधाकडं वळून तिनं अशी हाळी दिली की बगळे उडाले. गावच्या विहिरीपासून बोटीपर्यंत बाया रांगेनं उभ्या राहिल्या आणि हंडे हातोहात येऊ लागले. कोणी आम्हाला जात विचारली नाही. आमच्या गावी पाणवठ्यावर आधी तेच विचारतात.

तिसऱ्या दिवशी भरतीच्या आधीच वाफ तयार ठेवली. पाणी आलं, पण धर्मा तांडेल म्हणाले तसंच, चार बोटं कमी. पंखा उलटा फिरवला. बोट हलली, पण सुटली नाही. तेव्हा मिठागरावरची वीसेक माणसं कंबरभर चिखलात उतरली. हिरूबाय बांधावरून ताल देत होती आणि प्रत्येक तालाला ते खांदा लावत होते. एकाएकी बोटीखालून मोठा सुस्कारा निघाल्यासारखा आवाज झाला आणि आम्ही पाण्यावर आलो. माणसं चिखलानं माखलेली, दात तेवढे पांढरे. मी हात जोडले. हिरूबाय ओरडली, "जा गो बाय, कल्यान बग!"

कल्याण

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याचा बुरूज दिसला तेव्हा भरती पुरी झाली होती. बंदरावर भाताची पोती उतरत होती. आमचा भोंगा ऐकून हमाल पोती टाकून धावले. दामोदरशेट छत्री घेऊन उभे होते, शेजारी त्यांचे कारकून. बोट धक्क्याला अशी अलगद लागली की धर्मा तांडेलही "वा मिस्त्री!" म्हणाले.

शेटनी बोट मागूनपुढून पाहिली. "दोरी नाही लागली ना कुठं?"

"दोरी नाही लागली," हे म्हणाले. मी देवाचे आभार मानणार तेवढ्यात पुढं म्हणाले, "पण मोठागावला चिखलात बसली होती. वीस माणसांनी ढकलून काढली."

मी मागून ह्यांचा सदरा ओढला. उशीर झाला होता.

शेटचा चेहरा बदलला. "मग आपल्या वाफेवर आली असं कसं म्हणू, मिस्त्री?"

 धर्मा तांडेल पुढं होऊन काही बोलणार, तोच ह्यांनी त्यांना थांबवलं आणि शेटना म्हणाले, "सुकती लागली आहे, पाणी आता उलटं वाहतंय. बसा. शहाडच्या अंगाला नदी वळते तिथवर ह्या पाण्याविरुद्ध नेतो आणि परत आणतो. कुठं थांबली, तर तिथंच मोडा."

शेट थोडे घुटमळले. लोक बघत होते. मग चपला काढून बोटीत आले आणि माझ्या लाकडांच्या ढिगाशेजारी पेटीवर बसले, छत्री उघडी ठेवून.

ओहोटीचं पाणी जोरात होतं. काठावरची झाडं इतकी हळू मागं जात होती की मला वाटलं आम्ही जागीच आहोत. मी आग वाढवली. घाम डोळ्यांत जात होता. हे सुकाणूवर, नजर पुढं. आणि निम्म्या वाटेवर पंपाचा ताल चुकला. टक्, टक्, मग काहीच नाही, मग दोन टक् एकदम. नळीतलं पाणी केसभर उतरलं.

ह्यांना हाक मारली असती तर सुकाणू सोडावं लागलं असतं. मी ऐकलं. तागाच्या वेळचा आवाज असा नव्हता, तो घोगरा होता. हा पोकळ होता. पंपावर एक लहान तोटी आहे. ती मी अर्धी उघडली. आतून फुर्र करून हवा सुटली, मग पाण्याची चिळकांडी उडाली, तशी तोटी बंद केली. टक्, टक्, टक्. ताल परत आला. नळीतलं पाणी चढू लागलं.

मान वर केली तर शेट माझ्याकडंच बघत होते. चिळकांडी त्यांच्या धोतरावर उडाली होती.

"काय केलंत हे?"

धर्मा तांडेल वडीलधारे, पण एरवी परक्या पुरुषाशी मी कधी बोलत नाही. पण विचारलं होतं कामाचं. "पंपात हवा धरली होती. सोडली."

शेटनी छत्री मिटली. वळण आलं, बोट वळली, आणि येताना पाण्याच्या धारेबरोबर आम्ही बाणासारखे आलो. धक्क्यावर हमालांनी टाळ्या पिटल्या. शेट उतरले, चपला घातल्या, काजळी लागलेलं धोतर झटकलं. शाबासकीचा एक शब्द बोलले नाहीत. फक्त चार पावलं जाऊन मागं वळले आणि म्हणाले, "उद्या सकाळी कोनला बाजारकरी उभे असतील, मिस्त्री. त्यांना ताटकळवू नका."

ह्यांनी मान हलवली.  धर्मा तांडेल उगाचच दोरखंडाची गुंडाळी पुन्हा पुन्हा करत बसले.

आम्हाला माझ्या मामांकडं, पारनाक्याला जायचं होतं, आणि वाट भर बाजारातून होती. हे हळूच म्हणाले, "अगं, हात तरी धुऊन घे. लोक बघतील."

मी माझे हात पाहिले. कोपरापर्यंत काळे, नखांत काजळी, बांगड्यांचा हिरवा रंगसुद्धा दिसत नव्हता. पाणी पायाशीच होतं. मी वाकले नाही. डोक्यावरून पदर घेतला आणि तसेच काळे हात घेऊन ह्यांच्या शेजारून चालू लागले. वाटेत दुकानांतले लोक खरंच बघत होते. मीही त्यांना बघू दिलं.